बातमी हातात आली. खातरजमा कोणाच्या हाती?

रेल्वे आणि टपाल ही दोन खाती नसती तर या देशात वृत्तपत्राचा धंदा मोठ्या शहराच्या वेशीबाहेर गेलाच नसता, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. बातमीदाराची तार तारघरातून निघे. छापलेल्या अंकांचे गठ्ठे रात्रीच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढत. वर्गणीदारांचे अंक आर.एम.एस.च्या डब्यात आमचे सॉर्टर बंधू हलत्या गाडीत उभे राहून गावाप्रमाणे लावीत, आणि पोस्टमन ते दारात नेऊन देत असे. नोंदणीकृत वृत्तपत्रांना टपालाचा दर मुद्दाम कमी ठेवला गेला, तोही याच हेतूने की बातमी गरिबाच्या घरापर्यंत पोहोचावी. थोडक्यात, बातमी लिहिणारे कोणीही असोत, ती वाहून नेणारे हात आपले होते.

आज ही साखळी तुटली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटची तार स्वीकारून तारसेवा बंद झाली. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेलने गूगलच्या साह्याने मोफत वायफाय सुरू केले आणि पुढे ते हजारो स्थानकांवर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरनंतर मोबाईलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की गँगमनच्या खिशातही अख्खे वृत्तपत्राचे दुकान आले. इटारसी, खडगपूर, सिकंदराबाद किंवा हुबळीला नोकरी करणाऱ्या मराठी कामगाराला पूर्वी गावाकडचा पेपर एक-दोन दिवसांनी शिळा होऊन मिळे. आता गावच्या बाजारातला कांद्याचा भाव त्याला गावकऱ्यांबरोबरच कळतो.

हा बदल चांगला की वाईट, असा सवाल आमचे सभासद वारंवार विचारतात. आमचे उत्तर असे की, प्रश्नच चुकीचा आहे. रुळावरून मालगाडीही जाते आणि मेलही जाते. रूळ चांगला की वाईट हे विचारून भागत नाही. रूळ कोणाच्या मालकीचा, सिग्नल कोणाच्या हाती, आणि गाडीत काय भरले आहे, हे विचारले पाहिजे. या दृष्टीने कामगारांनी या प्रश्नाकडे पाहावे म्हणून हा लेखप्रपंच.

जे मिळाले ते नाकारू नये

मे १९७४ चा संप आठवा. ८ मे रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा प्रश्न होता. नेते आधीच तुरुंगात टाकले गेले होते. आकाशवाणी सरकारच्या मालकीची होती आणि दूरचित्रवाणी बहुसंख्य गावांत पोहोचलेलीच नव्हती. भुसावळला काय चालले आहे हे सोलापूरच्या कामगाराला कळण्याची साधने म्हणजे सायक्लोस्टाईलची पत्रके आणि तोंडोतोंडी आलेला निरोप. वीस दिवस चाललेल्या त्या लढ्यात संपाची बातमी सरकारने सांगितलेलीच खरी धरली जावी, अशी सारी व्यवस्था होती. आज तसे करणे अवघड आहे. एका शेडमध्ये काम थांबले तर त्याचे चित्र दहा मिनिटांत देशभर जाते.

दुसरा लाभ कागदपत्रांचा. पूर्वी रेल्वे बोर्डाचे परिपत्रक झोनकडे, झोनकडून डिव्हिजनकडे आणि तेथून शाखेकडे यायला आठवडे लागत. मधल्या एखाद्या टेबलावर ते अडले की कामगाराचा हक्कही तेथेच अडत असे. आज बोर्डाचे आदेश, टपाल खात्याची परिपत्रके, संसदेतील प्रश्नोत्तरे आणि न्यायालयांचे निकाल ज्याला वाचायचे त्याला वाचता येतात. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला. केंद्र सरकारच्या खात्यांकडे त्याखालचा अर्जही आता घरबसल्या करता येतो. "साहेब म्हणतात म्हणून" हे वाक्य यामुळे पूर्वीइतके वजनदार राहिलेले नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा लाभ असा की, मोठी वृत्तपत्रे ज्यांच्याकडे पाहत नाहीत त्यांना जागा मिळाली. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऊसतोड मजूर, विणकर, मीठकामगार यांच्या हकिकती मराठीतही वाचायला मिळतात. दिल्लीच्या सीमेवर २०२०-२१ मध्ये शेतकरी बसले, तेव्हा वाहिन्यांवर आपली बाजू येत नाही म्हणून त्यांनी १८ डिसेंबर २०२० रोजी 'ट्रॉली टाइम्स' नावाचा छापील अंक काढला आणि जोडीला इंटरनेटवरूनही आपले म्हणणे मांडले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधू' चालवला आणि त्याच काळात गिरणी कामगारांना उभे केले. आपल्या बातमीला आपले पत्र हवे, ही त्यांची शिकवण आजही शिळी झालेली नाही.

बहानगाचा धडा

आता नाण्याची दुसरी बाजू. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्सप्रेसचा भीषण अपघात झाला. २९० हून अधिक माणसे गेली. डबे अजून उचलायचे होते, शवागारात नातेवाईक चेहरे शोधत होते, आणि तेवढ्यात फोनाफोनीवर एक मजकूर फिरू लागला: रुळाशेजारी मशीद आहे, स्टेशन मास्तर अमुक धर्माचा आहे, आणि तो फरार झाला आहे. सोबत आकाशातून घेतलेले अपघातस्थळाचे एक छायाचित्र, त्यात पांढऱ्या इमारतीवर बाण.

ती पांढरी इमारत मंदिर होते. ज्याचे नाव फिरवले गेले त्या नावाचा स्टेशन मास्तर तेथे कामावर नव्हता. ओडिशा पोलिसांना दोनच दिवसांत जाहीर इशारा द्यावा लागला की अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांवर कारवाई होईल. पण तोवर लाखो लोकांनी तो मजकूर पुढे ढकलला होता. त्यात प्रवासी होते, दुकानदार होते, आणि सांगायला दुःख होते की, गणवेश घालणारेही होते.

मग खरे कारण काय निघाले? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सिग्नल व दूरसंचार विभागाच्या कामातील त्रुटींचा आढळला. फाटकाजवळच्या सिग्नल सर्किटमध्ये पूर्वी केलेला बदल आणि त्या दिवशी फाटकाचा अडसर बदलण्याच्या कामात झालेली चूक, यांमुळे गाडीला चुकीचा मार्ग मिळाला. सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत ही माहिती दिली. त्याआधी वृत्तपत्रांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली होती. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने फेब्रुवारी २०२३ मध्येच आपल्या विभागातील एका घटनेवरून इंटरलॉकिंगमधील गंभीर उणिवांबद्दल लेखी इशारा दिला होता.

साथींनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. एकाच अपघाताच्या दोन बातम्या एकाच फोनवर आल्या. एका बातमीने स्टेशन मास्तरचा धर्म शोधला. दुसरीने वायरिंग, देखभाल आणि दुर्लक्षित इशारा शोधला. पहिलीला पुरावा नव्हता, पण तिला पाय होते. दुसरीला पुरावा होता, पण ती मागून चालत आली. पहिल्या बातमीने कोणाचे भले झाले? मनुष्यबळ, प्रशिक्षण, कामाच्या वेळा आणि सुरक्षा यांबद्दल प्रश्न विचारले जाऊ नयेत असे ज्यांना वाटते, त्यांचे. कामगारांनी एकमेकांच्या धर्माकडे बोट दाखवले की वरच्या खुर्चीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अफवा ही इंटरनेटची निर्मिती नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे आणि माहेजी स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आरोळी उठली. साखळी ओढली गेली, माणसे रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर प्रवासी चिरडले गेले. तेथे फोन नव्हता, फक्त घाबरलेला आवाज होता. फरक इतकाच की आरोळी एका गाडीपुरती राहते. फोनवरची आरोळी सर्व गाड्यांत एकाच वेळी उठते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसे जमावाने ठार केली. ती पोटासाठी फिरणारी माणसे होती.

महागाई भत्त्याची भुते

आता आपल्या घरातली गोष्ट. जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांत सरकारने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. ती थकबाकी मिळाली पाहिजे ही आपली मागणी न्याय्य आहे आणि ती आपण सोडलेली नाही. परंतु दर दोन-तीन महिन्यांनी "अठरा महिन्यांची थकबाकी मंजूर" असा मजकूर फोनवर येतो, पेढे वाटले जातात, आणि सरकार संसदेत पुन्हा सांगते की देणे शक्य नाही. अशा खोट्या आनंदाने लढ्याची धार बोथट होते. मागणी मान्य झाली असे ज्याला वाटते तो धरणे धरायला कशाला येईल?

आठव्या वेतन आयोगाचेही तसेच. आयोग नेमण्याचा निर्णय १६ जानेवारी २०२५ रोजी झाला. त्याची कार्यकक्षा मंजूर व्हायला ऑक्टोबर २०२५ अखेर उजाडली, आणि अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पण आयोगाला अध्यक्ष मिळण्यापूर्वीच व्हिडिओवाल्यांनी नवे पगाराचे तक्ते पैशापर्यंत हिशेब करून दाखवले. ज्याचा व्हिडिओ जास्त पाहिला जातो त्याला जाहिरातीचे पैसे मिळतात. म्हणजे आपली आशा हा त्यांचा कच्चा माल आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर निवृत्तांची झोप उडवणारा मजकूर आला की, वित्त कायदा २०२५ मुळे सर्व पेन्शनरांचा महागाई भत्ता व वेतन आयोगाचे लाभ बंद होणार. वस्तुस्थिती निराळी होती. २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम ३७ मध्ये दुरुस्ती झाली होती, आणि ती सार्वजनिक उपक्रमात सामावून घेतलेल्या ज्या कर्मचाऱ्याला गैरवर्तनाबद्दल बडतर्फ केले जाईल त्याच्यापुरती होती. त्या दुरुस्तीला विरोध करायचा तर जरूर करू. पण त्यासाठी आधी ती वाचली पाहिजे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हाही "रजिस्ट्री कायमची बंद" एवढेच लोकांनी वाचले आणि काउंटरवरच्या आमच्या बंधू-भगिनींना दिवसभर लोकांची समजूत काढावी लागली.

बातमीदारही कामगारच

बातमी अशी का झाली, याचे मूळ तिच्या अर्थकारणात आहे. वृत्तपत्राचा खर्च पूर्वी वर्गणी व जाहिरात यांवर निघे. आज जाहिरातीचा मोठा वाटा गूगल व फेसबुक या परदेशी कंपन्यांकडे जातो, आणि कोणती बातमी आपल्या डोळ्यांसमोर वर यावी हे संपादक ठरवीत नाही, त्या कंपन्यांचे यंत्र ठरवते. ज्या मजकुरावर माणूस जास्त वेळ थांबतो तो मजकूर वर येतो; आणि माणूस रागाने व भीतीने जास्त थांबतो. डिसेंबर २०२० मध्ये शेतकरी आंदोलनाचे फेसबुकवरील पान काही तासांसाठी गायब झाले होते. ओरड झाल्यावर ते परत आले. परंतु दुसऱ्याच्या अंगणात सभा घेतली तर फाटकाची किल्ली दुसऱ्याकडेच राहते, हे त्यातून दिसले.

या ओढाताणीत भरडला जातो तो बातमीदार. त्याला पहिले व्हायचे असते, कारण उशीर झाला तर त्याची नोकरी जाते. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढल्याचे जाहीर झाले, त्या दिवशी वांद्रे स्थानकाजवळ एक हजाराहून अधिक परप्रांतीय मजूर जमा झाले. गाड्या सुटण्याच्या शक्यतेची बातमी एका वाहिनीने रेल्वेच्या अंतर्गत पत्राच्या आधारे दिली होती. बातमीदाराला अटक झाली, नंतर जामीन मिळाला. पण त्या मजुरांना रस्त्यावर आणले ते मुख्यतः उपासमारीने आणि गावाच्या ओढीने. ते न पाहता एका बातमीदाराला पकडून प्रश्न मिटत नाही.

श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता. त्याखाली नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरीही अनेक ठिकाणी मालकांनी "आम्हाला ही वेतनश्रेणी नको" असे कर्मचाऱ्यांकडून लिहून घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदाच त्यांत विरून गेला. इंटरनेटवरील पत्रकाराचा समावेश नव्या व्याख्येत झाला, हे मान्य. पण पत्रकारांसाठीचे स्वतंत्र वेतन मंडळ गेले. ज्याला उद्याच्या पगाराची खात्री नाही तो मालकाला न आवडणारी बातमी किती दिवस देईल? म्हणून पत्रकारांचा लढा हा आपलाही लढा आहे.

सरकार न्यायाधीश नको

खोट्या बातम्यांवर उपाय म्हणून सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. सरकारच्या कारभाराविषयीची कोणती बातमी खोटी, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, अशी ती योजना होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. ज्याच्यावर आरोपपत्र आहे त्यालाच चौकशी अधिकारी नेमले तर काय होते, हे आमच्या सभासदांना समजावून सांगायला नको. सरकारी खुलासा जरूर वाचावा. पण तो एका बाजूचा जबाब म्हणून वाचावा.

इंटरनेट बंद करून टाकणे हा दुसरा सरकारी उपाय. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये ते बंद झाले. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी बंदी बेमुदत ठेवता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. तरीही तेथे वेगवान मोबाईल इंटरनेट पूर्ववत व्हायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. बातमी बंद झाली की अफवा बंद होत नाही. उलट अफवेला मोकळे रान मिळते.

शाखांनी काय करावे

तेव्हा मार्ग आपल्यालाच काढला पाहिजे. आमच्या शाखांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे:

१) पगार, भत्ता, पेन्शन, बदली यांबद्दलचा मजकूर आला की प्रथम आदेशाचा क्रमांक व तारीख विचारा. क्रमांक नाही तर बातमी नाही. बिना क्रमांकाच्या मेमोवर आपण सही करीत नाही, मग बिना क्रमांकाच्या मजकुरावर विश्वास का ठेवावा?

२) प्रत्येक शाखेने खातरजमा करणारा एक साथी नेमावा. त्याने मूळ परिपत्रक काढून त्याचा मराठी सारांश नोटीस बोर्डावर लावावा. लोको पायलटचा फोन ड्यूटीवर बंद असतो. आठ-दहा तासांनी लॉबीत उतरून फोन उघडल्यावर त्याच्यावर शेकडो मजकूर कोसळतात. त्याला बोर्डावरचा एक खरा कागद पुरेसा आहे.

३) अपघाताबाबत कोणाचेही नाव, जात, धर्म किंवा मृतांची चित्रे पुढे पाठवू नका. आज ज्या कामगाराचे नाव फिरते आहे त्याच्या जागी उद्या आपण असू. शिवाय रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मधील नियम ८ व ९ प्रसारमाध्यमांशी संबंध आणि सरकारवरील टीका यांविषयी आहेत. टपालात १९६४ चे नियम तसेच आहेत. एका फॉरवर्डपायी आरोपपत्र ओढवून घेऊ नका. बोलायचे ते युनियनच्या मंचावरून, पुराव्यासह बोला.

४) निवृत्त साथींना एकटे सोडू नका. हयातीचा दाखला, थकबाकी किंवा नवा पगार तक्ता यांच्या नावाने येणारी लिंक उघडू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये, हे त्यांच्या घरी जाऊन सांगा. आयुष्याची ग्रॅच्युइटी एका बोटाच्या दाबाने जाऊ शकते.

५) घरात एक तरी वृत्तपत्र विकत घ्या आणि युनियनच्या पत्राची वर्गणी भरा. फुकटच्या बातमीची किंमत कोणीतरी कोठेतरी वसूल करीतच असतो.

बातमी वाहून नेण्याचे काम यंत्राने आपल्या हातातून नेले, याची खंत आम्ही करीत नाही. पण एक गोष्ट आपले सॉर्टर आणि पॉइंट्समन पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत, ती अजून कोणत्याही यंत्राला साधलेली नाही. पत्ता नीट वाचल्याशिवाय सॉर्टर पत्र पिशवीत टाकीत नाही, आणि काटा बसल्याची खात्री केल्याशिवाय पॉइंट्समन गाडीला वाट देत नाही. तोच नियम आता बातमीला लावायचा आहे. तो आपण लावला तर इंटरनेट हे कामगारांचे हत्यार होईल. नाही लावला तर तेच हत्यार आपल्यावर चालवले जाईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!